सीमेवरच्या कारखान्याची वीज: गोव्याचा दर विचारण्याआधी आपलं बिल वाचा

दोडामार्ग किंवा बांद्याच्या कुठल्याही काजू कारखानदाराशी पाच मिनिटं बोला, एक प्रश्न हमखास येतो: "गोंयात युनिट स्वस्त, मगे आमकांच म्हाग कित्याक?" प्रश्न रास्त आहे. पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे तेच यंत्र कमी दरात फिरतं, हे शेजाऱ्याचं बिल पाहून कळतंच. पण त्या प्रश्नावर अडून राहणाऱ्यांची स्वतःची बिलं उघडली की दरापेक्षा मोठी गळती भलतीकडेच दिसते: करार मागणी (महावितरणशी ठरवून घेतलेला जास्तीत जास्त भार), पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खऱ्या कामाला लागणारा वाटा), वापराची वेळ, चुकीचा प्रवर्ग. दर वीज नियामक आयोग ठरवतो, त्यावर आपला ताबा नाही. या चार गोष्टी मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहेत.

आधी त्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकू. वीज वितरण परवान्यावर चालतं आणि परवान्याला हद्द असते. आपल्याकडे वितरण महावितरणचं, दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे. गोव्यात सरकारचं वीज खातंच वितरण करतं आणि त्यांचे दर गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त आयोग ठरवतो. महाराष्ट्रात शेतीपंपांचा वापर प्रचंड, त्यांचा दर कमी, आणि ती तूट बऱ्याच अंशी उद्योग आणि व्यापारी ग्राहकांच्या दरातून भरून निघते. गोव्यावर शेतीचा तसा भार नाही. म्हणजे हा फरक एखाद्या अधिकाऱ्याच्या मर्जीचा नाही, तो दरांच्या रचनेतच आहे. निवेदनं देऊन उद्या तो पुसला जाणार नाही.

आणि एक इशारा. काहींची जमीन हद्दीच्या दोन्ही बाजूंना असते. पेडण्याच्या बाजूच्या शेडमधून केबल ओढून अलीकडचं यंत्र चालवायचा मोह होतो. ज्या जागेसाठी जोडणी मंजूर झाली त्या जागेबाहेर वीज वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. त्या वाटेला जाऊच नका.

बारा महिन्यांची बिलं मांडा

एका महिन्याच्या बिलावरून काहीच कळत नाही. बारा बिलं घ्या आणि वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक महिन्याचे हे रकाने भरा: वापरलेली युनिटं, कमाल मागणी, करार मागणी, पॉवर फॅक्टर, स्थिर किंवा मागणी आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क, वीज विक्री कर, आणि शेवटी एकूण रक्कम. एकूण रकमेला युनिटांनी भागा. येतो तो तुमचा खरा दर.

समजा एका काजू कारखान्यात एप्रिलमध्ये ९,००० युनिटं लागली आणि बिल ९०,००० आलं. दर पडला १० रुपये. त्याच कारखान्यात ऑगस्टमध्ये १,५०० युनिटं आणि बिल २७,००० असेल, तर दर १८ रुपये झाला. छापील दर दोन्ही महिन्यांत एकच, फरक आला स्थिर खर्चामुळे. गोव्याशी तुलना करायची तर या वर्षभराच्या सरासरीशी करा, आणि पलीकडच्या बिलातलेही सगळे आकार धरा. नुसता "युनिटला किती" हा आकडा चहाच्या टपरीवर बोलायला ठीक.

बिल मांडताना मीटरचा गुणक नक्की तपासा. सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) बसवलेल्या मीटरवर वाचन गुणिले गुणक म्हणजे वापर. मीटर किंवा सीटी बदलल्यावर गुणक चुकीचा चढला तर बिल थेट दुप्पट किंवा निम्मं होतं. निम्मं झालं म्हणून खूश होऊ नका, चूक सापडली की फरकाची वसुली येतेच.

प्रवर्ग बरोबर आहे का?

लघुदाबावर (एलटी जोडणीवर) सर्वसाधारण उद्योगांत २० किलोवॅटपर्यंत आणि त्यावर असे दोन गट पडतात. तुम्ही १९ वर असाल आणि एक नवं यंत्र घेऊन २२ वर जाणार असाल, तर यंत्राच्या किमतीबरोबर बदललेल्या दररचनेचाही हिशेब करा.

आंब्यावाल्यांनी इथे थांबून वाचावं. शेतमालाची पूर्वशीतकरण केंद्रं आणि शीतगृहं महावितरणच्या दरपत्रकात 'कृषी – इतर' या प्रवर्गात येतात, आणि तो दर उद्योगापेक्षा कमी असतो. त्याच आवारात पल्प काढून डबाबंद करत असाल तर ते प्रक्रियेचं काम, म्हणजे उद्योग. दोन्ही एकाच मीटरवर असतील तर कमी दराचा फायदा तर जातोच, वर तपासणीत वादही निघतो. जागा आणि वायरिंग खरोखर वेगळं करता येत असेल तर वेगळी जोडणी मागा.

उलटा प्रकार महामार्गावर दिसतो. मागे काजू फोडणी, पुढे पर्यटकांसाठी दुकान. दुकानाचे दिवे, एसी, फ्रीज हा व्यापारी वापर आहे. दुकानाला वेगळं मीटर घ्या. भरारी पथक आल्यावर "थोडीशीच लाइट वापरतो" या उत्तराला किंमत नसते.

करार मागणी: सगळ्यात जास्त पैसे इथे जातात

कमाल मागणीबद्दल एक गैरसमज गावोगाव आहे: मोटर सुरू होताना झटका बसतो आणि मागणी चढते. दर-आदेशातली व्याख्या तशी नाही. सलग तीस मिनिटांत जितके केव्हीए-तास (केव्हीए हे भार मोजायचं एकक) घेतले त्यांतला महिन्यातला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा आणि दुप्पट करायचा, ती कमाल मागणी. अर्ध्या तासात ४० केव्हीए-तास गेले तर मागणी ८० केव्हीए. काही सेकंदांच्या झटक्याने ती फारशी हलत नाही. सगळी यंत्रं अर्धा तास एकत्र चालली की मात्र हलते.

मालवणातला किंवा हर्णैचा बर्फाचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. पहाटे तीनला लाइट गेली, साडेसातला आली. तोवर मिठाच्या पाण्याच्या टाकीचं तापमान चढलेलं. ऑपरेटर दोन्ही कंप्रेसर, पाण्याचा पंप, ढवळणी, कूलिंग टॉवरचा पंखा असं सगळं एकदम चालू करतो, कारण बंदरावर होड्या थांबलेल्या असतात. तास-दोन तास सगळं पूर्ण भारावर चालतं आणि महिन्याची कमाल मागणी त्या एका सकाळी ठरून जाते. पॅनेलला एक कागद चिकटवा: लाइट आल्यावर पहिला कंप्रेसर, टाकी ठरलेल्या तापमानाला उतरली की दुसरा, पाणी भरण्याचा पंप त्यानंतर. टायमर लावला तर उत्तम, पण कागद आणि समजावून सांगितलेला ऑपरेटरही पुष्कळ काम करतो.

करार मागणी ओलांडली तर जादा केव्हीएवर मागणी आकाराच्या दीडपट दराने आकारणी होते. म्हणून लोक घाबरून करार मागणी भरपूर वाढवून ठेवतात. तिथेही पैसे जातात, फक्त गुपचूप. लघुदाबावर वीस किलोवॅटच्या वरच्या उद्योगाला प्रत्यक्ष मागणीचे ६५ टक्के किंवा करार मागणीचे ४० टक्के, यांतलं जास्त ते धरून बिल करण्याची पद्धत आहे. उच्चदाबावर (एचटी जोडणीवर) तीन निकष लागतात: त्या महिन्याची प्रत्यक्ष मागणी, मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वांत मोठ्या बिल-मागणीचे ७५ टक्के, आणि करार मागणीची ठरावीक टक्केवारी. यांतलं सर्वांत मोठं ते बिलावर येतं. टक्केवारी आदेशागणिक बदलत आली आहे, चालू आदेश पाहूनच आकडा धरा.

हे अकरा महिन्यांचं कलम मासेमारीवर चालणाऱ्या धंद्याला टोचतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बर्फाला गिऱ्हाईक नाही. पण करार मागणी २०० केव्हीए आणि ऑक्टोबरात १९० केव्हीए मागणी नोंदली गेली असेल, तर जून-जुलैत यंत्र बंद असतानाही किमान १४२.५ केव्हीएचा मागणी आकार लागतो. दर केव्हीएला ५०० रुपये धरले तर महिन्याला ७१,२५० रुपये, कुलूप लावून. हंगामातली मागणी १६० वर रोखता आली तर बंद महिन्यांचा आकडा १२० केव्हीए म्हणजे ६०,००० वर येतो, आणि हंगामातही दरमहा ३० केव्हीए वाचतात. मात्र करार मागणी २०० चीच ठेवली तर तिसरा निकष आड येतो. मागणी खाली आणून ती दोन-तीन महिने टिकते हे पाहा, आणि मगच करार मागणी कमी करण्याचा अर्ज द्या.

उच्चदाबावर 'हंगामी उद्योग' असाही एक प्रवर्ग आहे. वर्षात जास्तीत जास्त नऊ महिने काम आणि निवड आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत कळवायची. आंबा पल्पच्या कारखान्याला तो बसू शकतो. बर्फवाल्याचे दोनच महिने बंद, त्यामुळे तो नऊच्या अटीत बसत नाही. हंगामी प्रवर्गाचा युनिट दर थोडा चढा असतो, म्हणून नावावर भुलू नका, दोन्ही हिशेब मांडून पाहा.

पॉवर फॅक्टर आणि विसरलेला कपॅसिटर

१ एप्रिल २०२० पासून महावितरणने उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे केव्हीए-तासांवर आणलं. आता कमी पॉवर फॅक्टरचा दंड वेगळा दिसत नाही, तो युनिटांतच मिसळलेला असतो. १०,००० किलोवॅट-तास ०.८५ पॉवर फॅक्टरने वापरले तर बिल ११,७६५ युनिटांचं, ०.९९ ने वापरले तर १०,१०१ चं. नऊ रुपये दर धरला तर महिन्याला साधारण पंधरा हजारांचा फरक, आणि त्यात एक किलोही जास्त माल निघालेला नाही.

पॉवर फॅक्टर सुधारायला कपॅसिटर सगळ्यांनीच बसवलेले असतात. प्रश्न असतो ते जिवंत आहेत का. खाऱ्या हवेत डबे गंजतात, फुगतात, फ्यूज उडालेला महिनोन्‌महिने कोणी बघत नाही. दर महिन्याला क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट मोजून वहीत लिहा. निम्म्यावर आला की बदला.

याच्या नेमकी उलट चूक बंद हंगामात होते. मोटरी बंद, पण पक्के जोडलेले कपॅसिटर चालूच. मग कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त पडून पॉवर फॅक्टर 'लीड' म्हणजे उलट बाजूला जातो, आणि मोजणीत लीडही धरला जातो. ऑफिसचे चार दिवे आणि वॉचमनचा पंखा चालू असताना पॉवर फॅक्टर ०.३० दिसला तर कारण बहुधा हेच. स्वयंचलित पॅनेल असेल तर ते 'मॅन्युअल'वर पडून नाही ना, ते बघा. साधी बँक असेल तर कारखान्याला कुलूप लावताना तिचा स्विचही पाडा.

घड्याळाकडे बघून वीज वापरा

रात्रीची वीज स्वस्त, हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या डोक्यात बसलंय. २०२३ ते २०२५ च्या दरपत्रकातही रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सूट होती आणि संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जादा. पण सौर वीज वाढल्यापासून वारं फिरलं. १० किलोवॅटच्या वरच्या उद्योग आणि व्यापारी ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर लावावेत आणि उन्हाच्या तासांचा दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा, असं केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांनी सांगितलं. महाराष्ट्रातही २०२५ पासून सवलत रात्रीकडून दिवसाकडे, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेकडे सरकली. तुमच्या शेवटच्या बिलावर वेळेच्या पट्ट्या आणि त्यांचे दर छापलेले असतात. त्यावर विश्वास ठेवा, जुन्या सवयीवर नको.

ज्यांना थंडी साठवता येते त्यांना हा बदल चालून आलेला आहे. बर्फाची टाकी, शीतगृहाची खोली दुपारीच खाली उतरवून ठेवायची आणि संध्याकाळचे महाग तास कमीत कमी कंप्रेसरवर काढायचे. दार वारंवार उघडणाऱ्या माणसाला शिस्त लावली तरच हे जमतं, ते वेगळं सांगायला नको. काजूचा विजेवरचा बोरमाही (गर वाळवायची भट्टी) दिवसा चालवता येतो. रात्रपाळी फक्त सुटीसाठी चालवत असाल तर जादा मजुरी धरून हिशेब पुन्हा करा.

गेलेल्या लाइटची किंमत

डिझेल जनरेटर चांगल्या भारावर लिटरमागे तीन ते साडेतीन युनिटं देतो. डिझेल नव्वद रुपये धरलं तर युनिट पंचवीस ते तीस रुपयांना पडलं. कमी भारावर त्याहून महाग. म्हणून माझ्या मते कोकणात पुरवठ्याची खात्री हा दराइतकाच मोठा विषय आहे. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात किनारपट्टीवर खांब आडवे झाले आणि कित्येक गावांना दिवसच्या दिवस अंधारात राहावं लागलं. वादळ रोज येत नाही. रोजचे शत्रू साधे आहेत: काजू-आंब्याच्या फांद्या, लांबच लांब ११ केव्हीच्या उघड्या वाहिन्या आणि मीठ.

मीठ कसं काम करतं ते पाहा. हिवाळा-उन्हाळाभर इन्सुलेटरवर खारट थर साचतो. कोरडा असतो तोवर त्रास नाही. मेअखेरची पहिली भुरभुर किंवा पहाटेचं दव पडलं की तो ओला होऊन वीज वाहू लागतो, ठिणग्या पडतात, फीडर ट्रिप होतो. मुसळधार पाऊस उलट हे मीठ धुऊन टाकतो. म्हणून आपल्या ट्रान्सफॉर्मरचे बुशिंग आणि इन्सुलेटर मेच्या मध्यावर, रीतसर वाहिनी बंद करून परवानाधारक ठेकेदाराकडून पुसून घ्या. महावितरणची पावसाळ्यापूर्वीची कामं त्याच सुमारास चालतात. शाखा कार्यालयात विचारून त्यांच्या बंदच्या दिवशीच आपलं काम बसवलं तर एकाच खोळंब्यात दोन्ही उरकतं.

अर्थिंगची मोजणी बहुतेक ठिकाणी पावसाळ्यात होते आणि आकडा छान येतो. जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठक्क होते, तेव्हा तोच खड्डा कामाचा राहत नाही, आणि वळवाच्या विजा कडाडतात त्या नेमक्या तेव्हाच. मोजायचं ते एप्रिल-मेमध्ये. आकडा वाईट आला तर एकाला दोन खड्डे जोडा, आणि मुख्य पॅनेलला सर्ज प्रोटेक्टर लावा.

'डीओ गेला' (खांबावरचा ड्रॉप-आउट फ्यूज पडला) हे वाक्य इथे वायरमनच्या तोंडी सारखं असतं. एका फेजचा फ्यूज पडला तरी उरलेल्या दोनवर मोटर गुरगुरत राहते आणि जळते. सिंगल फेज प्रिव्हेंटर प्रत्येक मोठ्या मोटरला हवाच. तो काही हजारांत येतो, कंप्रेसरची मोटर भरायला किती लागतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

एक वही मीटरशेजारी टांगा: लाइट किती वाजता गेली, किती वाजता आली, व्होल्टेज किती होता, १९१२ वर नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक काय. लघुदाबावर व्होल्टेज ६ टक्के वर-खाली चालतो, म्हणजे २३० च्या जागी साधारण २१६ ते २४४. त्याबाहेर रोज जात असेल तर वहीतले आकडे लावून लेखी अर्ज करा. "लाइट नेहमीच जाते" अशा अर्जाला नेहमीचंच उत्तर येतं. औद्योगिक वसाहतीत असाल तर चार-पाच कारखान्यांनी मिळून वेगळ्या फीडरचा खर्च काढून बघावा. स्वतःच्या खर्चाने काम करून घेतलं तर महावितरणला १.३ टक्के देखरेख शुल्क भरायचं असतं. हे काम कायम तुमच्या खर्चाचं धरलं जाणार की बिलातून परत मिळणार, ते मंजुरीच्या पत्रातच लिहून घ्या.

छतावरचं ऊन आणि बाहेरची वीज

कोकणात सौर पॅनेलचा हिशेब जून ते सप्टेंबर जवळजवळ बाजूला ठेवून करावा. काजूवाल्याला ते चालतं, कारण त्याचा हंगाम उन्हाळ्यातच. सांगाडा गरम गॅल्व्हनाइज्ड आणि बोल्ट स्टेनलेसचे घ्या, आणि वाऱ्याच्या भाराचा दाखला इंजिनियरकडून लेखी घ्या. नेट मीटरिंगमध्ये (जादा सौर युनिटं ग्रीडला देऊन बिलातून वजा करून घेण्याच्या सोयीत) दिवसा तयार झालेली युनिटं संध्याकाळच्या वापरातून कितपत वजा होतात, हे विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून ठरवू नका. चालू आदेशावरून ठरवा, कारण वेळेच्या पट्ट्या बदलल्यावर परतफेडीची वर्षंही बदलतात.

खुल्या प्रवेशातून (महावितरणच्या तारांवरून दुसऱ्या विक्रेत्याची वीज) बाहेरची वीज घेण्यासाठी लागणाऱ्या भाराची किमान मर्यादा २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी १०० किलोवॅटवर आणली. एकाच वीज विभागातल्या आपल्या जोडण्यांची बेरीज करूनही ती गाठता येते. हद्दीपलीकडची वीज कायद्याने घ्यायची तर वाट हीच. पण विक्रेता सांगतो त्या दरात पारेषण आकार, वहन आकार, गळती, क्रॉस-सबसिडी अधिभार, अतिरिक्त अधिभार आणि खास मीटरचा खर्च मिळवल्यावर बाकी काय राहतं ते बघा. समूह कॅप्टिव्हमध्ये (अनेक ग्राहकांनी मिळून मालकी घेतलेल्या वीज प्रकल्पात) २६ टक्के मालकी आणि ५१ टक्के वापराची अट पाळली तर दोन्ही अधिभार टळतात. लहान एकट्या कारखान्याने या भानगडीत पडण्याआधी वरची सगळी कामं उरकावीत.

राज्याच्या सवलती विसरू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या नव्या किंवा विस्तारलेल्या उद्योगांनी सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली वीज शुल्क माफी मिळते का आणि आपला तालुका कोणत्या वर्गात आहे, हे जिल्हा उद्योग केंद्रात लेखी विचारावं. उद्यम नोंदणी सोबत न्या. आणि बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं तर मिळणारी एक टक्का सूट कोणी हिशेबात धरत नाही. चांगल्या बिलावर ती वर्षाकाठी एखाद्या मोटरीची दुरुस्ती काढते.

बिलावर वाद झाला तर

आधी उपविभागात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. दाद मिळाली नाही तर परिमंडळाच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे पोचायला हवं. मंचाचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं. कलम १२६ ची आकारणी मात्र मंचाकडे चालत नाही. तात्पुरत्या आदेशावर लगेच त्याच अधिकाऱ्याकडे हरकत घ्यायची, कारण तीस दिवसांत त्याला अंतिम आदेश द्यायचा असतो, आणि अंतिम आदेशानंतर तीस दिवसांत निम्मी रक्कम भरून अपील करायचं.

वाद चालू असताना जोडणी तोडण्याची नोटीस आली तर तिच्यावरची तारीख बघा. कलम ५६ प्रमाणे पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारं बिल, यांतलं जे कमी ते 'निषेध नोंदवून' भरलं तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. पैसे भरताना अर्जावर ते दोन शब्द लिहा आणि पावतीची झेरॉक्स त्या अर्जाला जोडून पोच घ्या.